चौपन्नाव्या वर्षी नवी वाट

‘ईदगाह’ या गोष्टीतला हामिद तुम्हांला ठाऊकच आहे. ईदच्या जत्रेत बाकीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद मात्र आपल्या तीन पैशांत आजीसाठी चिमटा विकत घेतो. ही गोष्ट लिहिणारे मुन्शी प्रेमचंद यांना आपण मोठे कथाकार आणि कादंबरीकार म्हणून ओळखतो. पण याच प्रेमचंदांनी चित्रपटासाठीही लेखन केले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्या वेळी ते तरुण नव्हते. त्यांना चौपन्नावे वर्ष चालू होते, पोटाचा जुना विकार होता आणि त्यांचे नाव देशभर झाले होते. अशा वयात ते बनारस सोडून मुंबईला आले आणि एक नवे काम शिकू लागले. ते का आले, इथे त्यांना काय अनुभव आला आणि ते परत का गेले, हे या पाठात पाहू.

प्रेमचंदांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी बनारसजवळच्या लमही या खेड्यात झाला. त्यांचे खरे नाव धनपतराय. त्यांचे वडील अजायबलाल टपाल खात्यात कारकून होते. लहानपणी धनपतराय शेजारच्या गावी एका मौलवीसाहेबांकडे उर्दू आणि फारसी शिकायला जात. ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली. तिथे त्यांना वाचनाचा नाद लागला, पण पुस्तके विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी एक युक्ती काढली. एका पुस्तकविक्रेत्याकडून ते गाइडे घेत आणि आपल्या शाळेत विकून देत. त्या बदल्यात दुकानात बसून त्यांना उर्दू कादंबऱ्या वाचायला मिळत. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’सारख्या अद्भुत कथा त्यांनी त्याच काळात वाचून काढल्या.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच काळात, १८९७ मध्ये, वडील वारले. घरचा सारा भार त्यांच्यावर पडला. मॅट्रिकची परीक्षा ते पास झाले, पण गणित कच्चे असल्यामुळे पुढच्या शिक्षणाचे दार बंद झाले. एका वकिलाच्या मुलाची पाच रुपये महिन्याची शिकवणी करून ते दिवस काढू लागले. एकदा हिवाळ्यात हातात एकही पैसा उरला नाही. तेव्हा त्यांनी दोन रुपयांचे गणिताचे पुस्तक एक रुपयाला विकायला काढले. त्याच दुकानात एका छोट्या शाळेचे मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी या मुलाची चौकशी केली आणि त्याला आपल्या शाळेत शिक्षकाची नोकरी देऊ केली. पगार महिना अठरा रुपये. अशा रीतीने १८९९ मध्ये चुनार या गावी धनपतराय शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी त्यांना सरकारी शाळेत नोकरी मिळाली. शिक्षक आणि नंतर शाळा तपासणारे अधिकारी म्हणून त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले.

नोकरी सांभाळून ते उर्दूत लिहू लागले. कानपूरच्या ‘जमाना’ या उर्दू मासिकात त्यांचे लेख आणि कथा येत. तेव्हा ते नवाबराय या नावाने लिहीत. १९०८ मध्ये ‘सोज-ए-वतन’ हा त्यांचा पाच कथांचा संग्रह निघाला. त्यात देशप्रेमाच्या गोष्टी होत्या. इंग्रज सरकारला त्यात राजद्रोह दिसला. कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले आणि चांगलेच फैलावर घेतले. पुस्तकाच्या उरलेल्या शेकडो प्रती सरकारजमा करून जाळून टाकण्यात आल्या. यापुढे परवानगीशिवाय काही लिहायचे नाही, असा हुकूम झाला. दुसरा कोणी असता तर नोकरीच्या भीतीने लेखणी खाली ठेवून बसला असता. धनपतरायांनी फक्त नाव बदलले. ‘जमाना’चे संपादक दयानारायण निगम यांनी त्यांना प्रेमचंद हे नाव सुचवले. १९१० मध्ये या नावाने त्यांची पहिली कथा छापून आली. तेच नाव पुढे अजरामर झाले.

प्रेमचंदांच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांना सारे काही उशिरा मिळाले आणि प्रत्येक वेळी त्यांनी नव्याने सुरुवात केली. उर्दूत नाव झाल्यावर, वयाच्या पस्तिशीच्या आसपास ते हिंदीतही लिहू लागले. ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली, पण ती आधी छापून आली हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने. ज्या गणिताने त्यांना कॉलेजबाहेर ठेवले होते, तो विषय घेण्याची सक्ती पुढे राहिली नाही. मग त्यांनी पुन्हा अभ्यास सुरू केला. १९१९ मध्ये, चाळिशी जवळ आली असताना, ते बी. ए. झाले. म्हणजे दिवसा मुलांना शिकवणारे हे गुरुजी रात्री स्वतः विद्यार्थी होऊन बसत.

फेब्रुवारी १९२१ मध्ये महात्मा गांधी गोरखपूरला आले. त्यांची सभा ऐकायला प्रचंड गर्दी लोटली. त्या गर्दीत प्रेमचंद होते. असहकाराची हाक ऐकून त्यांच्या मनात खळबळ माजली. घरी पत्नी शिवरानीदेवी आणि लहान मुले होती. स्वतःची प्रकृती बरी नव्हती. नोकरी सोडली तर खायचे काय, हा प्रश्न होता. नवराबायकोने मिळून विचार केला. शिवरानीदेवींनी धीर दिला आणि प्रेमचंदांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

नोकरी गेल्यावर पोट भरायचे ते लेखणीवर. १९२३ मध्ये त्यांनी बनारसला सरस्वती प्रेस नावाचा छापखाना काढला. १९३० मध्ये ‘हंस’ हे मासिक सुरू केले. पुढे ‘जागरण’ हे साप्ताहिकही हाती घेतले. या तिन्ही कामांत पैसा जात राहिला आणि आला फार थोडा. देशप्रेमाचे लिखाण छापले की सरकार जामीन म्हणून मोठी रक्कम मागे. कागदाचे पैसे, कामगारांचे पगार आणि घरखर्च यांचा मेळ बसेना. प्रेमचंद पुस्तकांतून जे मिळवत, ते छापखाना आणि नियतकालिके गिळून टाकत. १९३४ पर्यंत कर्जाचा बोजा बराच वाढला होता.

याच वेळी मुंबईहून एक बोलावणे आले.

त्या काळी चित्रपटाच्या धंद्यात मोठा बदल झाला होता. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. तो मूकपट होता, म्हणजे त्यात पात्रे बोलत नसत. गोष्ट समजावी म्हणून मधूनमधून पडद्यावर मजकूर दाखवत. मूकपटाला संवाद लिहिणारा लेखक लागत नसे. पण १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मुंबईत झळकला आणि पडद्यावरची माणसे बोलू लागली. आता उर्दू-हिंदीवर हुकमत असलेले लेखक हवेसे झाले. अजंठा सिनेटोन या कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी प्रेमचंदांना कथा आणि संवाद लिहिण्यासाठी करारावर बोलावले. वर्षाला आठ हजार रुपये देण्याचे ठरले. अठरा रुपये पगारावर आयुष्य सुरू केलेल्या माणसाला ही रक्कम केवढी वाटली असेल, याचा विचार करा.

प्रेमचंदांनी पुष्कळ विचार केला. सिनेमाचे जग त्यांना परके होते. पण एक वर्ष काम केले तर कर्ज फिटेल, ‘हंस’ जगेल आणि मग आपण निवांतपणे गावी बसून लिहू, असा त्यांनी हिशेब केला. आणखीही एक ओढ होती. ज्यांना अक्षरओळख नाही अशा लाखो गरिबांपर्यंत पुस्तक पोचत नाही, पण बोलपट पोचू शकतो. जूनच्या आरंभी ते मुंबईत आले आणि दादर भागात राहू लागले. ‘गोदान’ या कादंबरीचे काम तेव्हा अपुरे होते.

चित्रपटासाठी लिहिणे आणि कादंबरी लिहिणे यांत मोठा फरक आहे. कादंबरीत लेखक पात्राच्या मनात शिरून पानेच्या पाने लिहू शकतो. पडद्यावर मात्र जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते, तेवढेच उरते. म्हणून पटकथा प्रसंगाप्रसंगांत तोडून लिहावी लागते. संवाद थोडक्यात आणि नटाच्या तोंडी बसतील असे लागतात. शिवाय कादंबरीचा मालक एकटा लेखक असतो. चित्रपटात मात्र दिग्दर्शक, पैसा घालणारा निर्माता, नट, छायाचित्रकार अशा अनेकांचा हात असतो. सर्वांत शेवटी सेन्सॉर मंडळाची कात्री असते. हे सारे प्रेमचंदांना चौपन्नाव्या वर्षी शिकायचे होते.

त्यांनी जी कथा लिहिली तिचे नाव ‘मजदूर’. विषय मुंबईच्या अगदी जवळचा होता. लालबाग-परळच्या गिरण्यांत तेव्हा हजारो कामगार राबत. त्यांतले बरेचसे कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी लोक होते. १९३४ च्या एप्रिलमध्ये कापड गिरण्यांत मोठा संप सुरू झाला होता. प्रेमचंद आले तेव्हा त्या संपाची धग अजून होती. ‘मजदूर’ची कथा एका गिरणीमालकाच्या मृत्यूनंतर घडते. त्याचा मुलगा ऐषारामी आणि जुलमी असतो, तर मुलगी दयाळू आणि न्यायी असते. भाऊ कामगारांना छळतो, तेव्हा बहीण कामगारांच्या बाजूने उभी राहते आणि गिरणीत संप होतो. यात जयराज आणि बिब्बो यांनी मुख्य भूमिका केल्या. मालक आणि कामगार यांच्यातला तंटा सोडवणाऱ्या पंचाची छोटीशी भूमिका स्वतः प्रेमचंदांनी केली. ज्याने आयुष्यभर कागदावर पात्रे उभी केली, तो एकदा स्वतःच पात्र होऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

चित्रपट तयार झाला, पण मुंबईच्या सेन्सॉर मंडळाने त्याला परवानगी दिली नाही. असा चित्रपट पाहून कामगार भडकतील, अशी भीती होती. ज्या शहरातील कामगारांची ही गोष्ट होती, त्याच शहरात ती दाखवता येईना. लाहोर, दिल्ली अशा ठिकाणी तो काही काळ दाखवला गेला, पण तिथेही बंदी आली. ‘सोज-ए-वतन’च्या प्रती जळाल्या त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. प्रेमचंदांची लेखणी पुन्हा एकदा सरकारच्या डोळ्यांत खुपली.

त्याच सुमारास आणखी एक कडू प्रसंग घडला. बनारसला त्यांच्या स्वतःच्या छापखान्यातील कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला. मजुरांच्या हक्काची कथा लिहिणारा लेखक स्वतःच्या मजुरांना वेळेवर पगार देऊ शकत नव्हता. प्रेमचंदांची दानत वाईट नव्हती. छापखानाच तोट्यात बुडालेला होता आणि तो वाचवण्यासाठीच ते मुंबईत राबत होते. तरीही कामगारांची भूक खरी होती आणि त्यांची मागणी रास्त होती. गोष्टीतला न्याय सांगणे सोपे असते. तोच न्याय रिकाम्या खिशाने करून दाखवणे किती कठीण, हे त्यांना या वेळी सोसावे लागले.

त्यांच्या ‘सेवासदन’ कादंबरीवरही १९३४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने चित्रपट काढला. नानूभाई वकील त्याचे दिग्दर्शक होते. समाजाच्या एका दुखऱ्या प्रश्नावरची ती गंभीर कादंबरी पडद्यावर आली, तेव्हा प्रेमचंदांची निराशा झाली. कादंबरीचा आत्माच त्यांना त्यात सापडला नाही. मुंबईत काही महिने काढल्यावर त्यांच्या लक्षात आले, की इथे लेखकाच्या शब्दाला शेवटचा मान नाही. कथा कशी असावी हे निर्माता ठरवतो आणि त्याची नजर तिकिटांच्या विक्रीवर असते. नाचगाणी, मारामाऱ्या आणि उथळ विनोद यांचा आग्रह धरला जातो. प्रेमचंदांना समाज जागा करायचा होता, पण त्यासाठी त्यांच्या हातात काहीच नव्हते.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. मुंबईत राहिले असते, तर पैसा मिळत राहिला असता. बॉम्बे टॉकीज ही मोठी कंपनी तेव्हा नुकतीच स्थापन झाली होती. तिचे संस्थापक हिमांशु राय यांनी प्रेमचंदांना मुंबईतच राहण्याचा आग्रह केला. पण प्रेमचंदांनी तो मानला नाही. कराराचे वर्ष पूर्ण होण्याआधीच, ४ एप्रिल १९३५ रोजी, त्यांनी मुंबई सोडली. जवळजवळ दहा महिन्यांचा त्यांचा चित्रपटलेखनाचा प्रवास तिथे संपला.

हे अपयश होते का? पैशाच्या हिशेबाने पाहिले तर कोणी तसे म्हणेल. पण बनारसला परतल्यावर त्यांच्या लेखणीने काय केले ते पाहा. डिसेंबर १९३५ मध्ये ‘जामिया’ या उर्दू मासिकात त्यांची ‘कफन’ ही कथा आली. उर्दू आणि हिंदीतल्या सर्वश्रेष्ठ कथांत तिची गणना होते. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद प्रेमचंदांना मिळाले. साहित्याने दुःखी आणि दडपलेल्या माणसांची बाजू घ्यावी, असा विचार त्यांनी तिथे उर्दूतून मांडला. त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाली. दारात एक गाय असावी एवढी साधी इच्छा बाळगणाऱ्या होरी नावाच्या गरीब शेतकऱ्याची ही कहाणी. त्यात गावातल्या शेतकऱ्यांबरोबर शहरातला गिरणीमालक आहे आणि गिरणीतला संपही आहे. ज्या प्रश्नावर पडद्यावर बोलू दिले गेले नाही, तो त्यांनी कादंबरीत कोणाला न विचारता मांडला.

त्यानंतर आयुष्य फार थोडे उरले होते. पोटाचा विकार बळावला. ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अर्धवट राहिली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी बनारस येथे प्रेमचंदांचे निधन झाले. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

चित्रपटाशी त्यांचे नाते मात्र मृत्यूनंतर अधिक घट्ट झाले. १९३८ मध्ये ‘सेवासदन’वर तमिळ चित्रपट निघाला. त्यात प्रसिद्ध गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी काम केले. ‘दो बैलों की कथा’ या गोष्टीवर १९५९ मध्ये ‘हीरा मोती’ आला. १९६३ मध्ये ‘गोदान’ आणि १९६६ मध्ये ‘गबन’ हे चित्रपट निघाले. जगप्रसिद्ध दिग्दर्शक सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये ‘शतरंज के खिलाडी’ आणि १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ तयार केला. मृणाल सेन यांनी ‘कफन’वर तेलुगू चित्रपट काढला. मंटो, कृष्ण चंदर, इस्मत चुगताई, राजिंदर सिंह बेदी असे उर्दूतले मोठे लेखकही पुढच्या काळात मुंबईत येऊन चित्रपटांसाठी लिहू लागले. ती वाट ज्यांनी सुरुवातीला चालून पाहिली, त्यांत प्रेमचंद होते.

विद्यार्थी मित्रांनो, आपले वय झाले, आता नवीन काय शिकणार, असे म्हणणारी माणसे आपल्या घरांत आणि मोहल्ल्यांत पुष्कळ भेटतात. गणितात नापास झाल्यामुळे आपले शिक्षण संपले, असे समजणारी मुलेही भेटतात. त्यांना प्रेमचंदांची हकीकत जरूर सांगा. गरज पडली तेव्हा चौपन्नाव्या वर्षी नवे काम शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. ते काम आपल्या मनाविरुद्ध जात आहे हे कळल्यावर, पैसे समोर असतानाही ते सोडायला त्यांनी वेळ लावला नाही. ‘मजदूर’ हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. पण ‘कफन’ आणि ‘गोदान’ तुमच्या शाळेच्या वाचनालयात कदाचित असतील. त्या उर्दूत वाचा, आणि जमेल तेव्हा त्यांचा मराठी अनुवादही मिळवून वाचा.